सायलेन्सरला तडा गेला तर



इंजिनातला धूर लांब नळीतून मागे बाहेर पडतो. त्या नळीवर जो फुगीर डबा असतो, तो सायलेन्सर. त्याला तडा गेला की गाडी फडफड आवाज करू लागते. लोक म्हणतात, "आवाजच ना? करू दे!" आम्हीही असंच म्हणालो होतो.

आमची जुनी जीप होती. पावसाचे दिवस. पडदे घट्ट बांधून आम्ही पाच जण तालुक्याला निघालो. तासाभरात मागच्या दोघांचं डोकं ठणकू लागलं. आई पेंगत होती. तिला हाक मारली, तर ओ देईना! गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. आईला उचलून मोकळ्या हवेत आणलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. तसंच दुसऱ्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हा गाडीच्या धुराचा परिणाम." त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपलं रक्त प्राणवायूपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरतं. मग प्राणवायूला रक्तात जागाच उरत नाही.

वेल्डिंगचं यंत्र आमच्या घरी आहे. अवजारं, फाटकं आम्ही जोडतो. पण गाडीखाली निजून वेल्डिंग केलं नाही. तिथं तेलाची टाकी जवळ असते. एक ठिणगी पुरते. सायलेन्सर सोडवून अंगणात आणला. वाळूची बादली शेजारी ठेवली.

आता खरं काम. गंजावर वेल्डिंग धरत नाही. तारेच्या ब्रशानं घासून पत्रा चकचकीत केला. हातोडीनं ठोकून पाहिलं. जिथं पत्रा दबला, तिथं तो आतून खाल्लेला होता. तेवढा कापून ठिगळ लावलं. ठिगळाला छपराचा जस्ती पत्रा घेऊ नका बरं का! जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. उरलेल्या तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. भोक पाडलं की तडा पुढे पळत नाही.

पत्रा पातळ, म्हणून २ मिलिमीटरचा रॉड घेतला. करंट ५० अँपिअरच्या आसपास ठेवला. आधी थोड्या थोड्या अंतरावर टाके घातले. मग मधला भाग तुकड्या-तुकड्यानं भरला. सलग ओढलं तर पत्रा जळून भोक पडतं. आमचंही एक पडलंच! ते पुन्हा भरावं लागलं.

काळ्या काचेशिवाय त्या उजेडाकडे बघायचं नाही. पोरांना तर जवळ येऊच द्यायचं नाही. त्या वेळी काही वाटत नाही; रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

जोड आपोआप निवू दिला. नंतर एका तोंडात चिंधीचा बोळा घातला. जोडावर साबणाचं पाणी लावून दुसऱ्या तोंडानं फुंकलं. एका जागी बुडबुडे आले. तिथं आणखी एक टाका घातला. काही सायलेन्सरना पाणी निथळायला खाली मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं. ते बुजवू नये.

पण तडा गेलाच का? सायलेन्सर टांगायचं एक रबर तुटलं होतं. डबा खड्ड्याखड्ड्यांत हेलकावे खात होता. दोन्ही रबरं नवी घातली, आणि मगच गाडी उघड्यावर सुरू केली. आई म्हणाली, "मी पुढे बसणार. आणि पडदा बांधायचा नाही."