धान, पाणी आणि शासनाची मर्यादा

शासनाच्या सत्तेला मर्यादा असावी आणि व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे क्षेत्र विस्तृत असावे, हा विचार बहुधा ग्रंथांच्या आधारे मांडला जातो. लॉक, मिल आणि विसाव्या शतकातील हायेक ही नावे उच्चारली, की हा सारा वाद दूरदेशीच्या विद्वानांचा आहे अशी श्रोत्यांची समजूत होते. वस्तुतः तो भाताच्या खाचरात उभे राहूनही मांडता येतो. किंबहुना तेथे तो अधिक नेमका होतो. यास्तव प्रस्तुत व्याख्यानासाठी कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर गावाचा आणि त्याच्या भोवतीच्या तंजावर मुलखाचा आधार घेतला आहे.

मराठी श्रोत्यांना हा मुलूख सर्वस्वी परका नाही. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतील नामसंकीर्तनाला जो क्रम घालून दिला, त्या परंपरेत मराठी अभंग आजही गायिले जातात. विषयाच्या दृष्टीने जाता जाता एवढेच लक्षात घ्यावे, की हे भजन टिकावे म्हणून कोणत्याही सरकारला खाते उघडावे लागले नाही. लोकांनी ते आपल्या घरी, आपल्या सवडीने चालविले.

परंतु भजनमठातून बाहेर पडून बांधावर येताच प्रश्न अवघड होतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेती पावसापेक्षा कालव्यांवर अधिक अवलंबून आहे. मेत्तूरचे धरण १९३४ मध्ये पुरे झाले. पाणी पुरेसे असेल त्या वर्षी १२ जूनला त्याचे दरवाजे उघडतात, ते पाणी कल्लणै येथे विभागले जाते आणि शाखाशाखांतून खाचरांपर्यंत पोहोचते. वरच्या गावाने पाट अडविला तर खालचे गाव कोरडे राहते. वरच्या राज्याने नदी अडविली तर संपूर्ण जिल्हा. हा दुसरा वाद न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे अनेक वर्षे चालून २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले. अशा ठिकाणी शासनच नको म्हणणारा मनुष्य शेतकरी नसावा. प्रश्न असा, की पाण्याला शासन लागते म्हणून त्या पाण्यावर पिकलेल्या धानालाही ते लागतेच का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रास प्रांतात धान्यावर नियंत्रणे आली आणि स्वातंत्र्यानंतरही ती पुन्हापुन्हा चालू राहिली. शेतकऱ्याने घरखर्चापुरते धान ठेवून उरलेले ठरावीक भावाने सरकारला घालावयाचे. परवान्यावाचून ते जिल्ह्याच्या हद्दीबाहेर न्यावयाचे नाही. शहरात शिधापत्रिकेवर मोजून तांदूळ मिळावयाचा. व्यवस्थेचा हेतू चांगलाच होता. परिणाम असा झाला, की तंजावरसारख्या मुबलक धानाच्या जिल्ह्यात भाव दडपलेले राहिले, तुटीच्या जिल्ह्यांत तेच धान चोरट्या भावाने विकले जाऊ लागले, आणि या दोन भावांमधील अंतर चोरटा व्यापारी आणि त्याच्याकडे डोळेझाक करणारा अधिकारी यांच्या पदरात पडले. याहून गंभीर गोष्ट अशी, की लेकीच्या घरी तांदळाचे पोते पोहोचविणारा साधा बापही हद्द ओलांडताच गुन्हेगार ठरू शकत होता. ज्या कृत्यात कोणाचेही नुकसान नाही ते कृत्य कायद्याने गुन्हा ठरले, म्हणजे प्रत्येक सामान्य माणसाचे भवितव्य नाक्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर येऊन ठेपते. मर्यादित शासनाच्या पुरस्कर्त्यांचा मूळ आक्षेप हाच आहे. धान्याच्या किमतीचा प्रश्न त्यानंतरचा.

१९५२ च्या एप्रिलमध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी मद्रासचे मुख्यमंत्री झाले आणि जूनमध्ये त्यांनी ही नियंत्रणे उठविली. तो काळ सुबत्तेचा नव्हता. लागोपाठ अवर्षणाची वर्षे गेली होती, आणि अशा वेळी बाजार मोकळा केल्यास भाव गगनाला भिडतील असे सांगणारे जाणते लोक पुष्कळ होते. केंद्रातील अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांचा मात्र पाठिंबा होता. भाकीत केलेला हाहाकार माजला नाही. दडविलेले धान बाहेर आले, आणि १९५४ पर्यंत देशातील बहुतेक धान्यनियंत्रणे मागे घेण्यात आली. यात १९५३ च्या चांगल्या पावसाचाही वाटा होता; स्वातंत्र्यवादी लेखक तो सांगावयास विसरतात, हे त्यांच्या युक्तिवादाला शोभणारे नाही. तथापि धाडस पावसाच्या आधी केलेले होते.

येथवर कथा सरळ आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच मुख्यमंत्र्याने तंजावर जिल्ह्यासाठी कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा अध्यादेश काढला. पण्णैयाळ म्हणजे आपल्याकडचा सालगडी. बहुधा दलित, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराशी बांधलेला, झोपडीची जागाही मालकाचीच. अध्यादेशाने कुळाला एकूण उत्पन्नाचा किमान दोन-पंचमांश वाटा दिला, त्याला मनमानीने काढून टाकण्यास बंदी केली आणि सालगड्यांच्या मजुरीचे नियम घातले. जूनमध्ये बाजारातून बाहेर पडलेले शासन ऑगस्टमध्ये खळ्यात शिरले, अशी टीका यावर होऊ शकते. ती वरवरची आहे. ज्याला झोपडी सोडून जाण्याचीच मुभा नाही, त्याने केलेल्या कराराला करार म्हणणे ही शब्दांची फसवणूक होय. मर्यादित शासन म्हणजे दुबळे शासन असा अर्थ घेतला, तर मर्यादेचा सारा लाभ गावातील सर्वांत बलवान मनुष्यालाच मिळतो.

त्या कायद्याची फलश्रुतीही संमिश्रच होती. अनेक जमीनमालकांनी सालगडी कमी करून रोजंदारीवर माणसे घेण्यास सुरुवात केली, म्हणजे संरक्षण मिळताच संरक्षित माणूसच नाहीसा झाला. पुढे मजुरीचा झगडा तीव्र होत गेला आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री याच जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे एका झोपडीत आश्रय घेतलेली ४४ माणसे जाळून मारली गेली. ती दलित मजुरांची कुटुंबे होती. स्त्रिया आणि मुले यांचीच संख्या अधिक. आरोपी जमीनदारांची उच्च न्यायालयाने पुढे निर्दोष मुक्तता केली. शासनाने काय काय करू नये याची लांबलचक यादी करणाऱ्यांनी या रात्रीचे स्मरण ठेवावे. माणसाच्या जिवाचे रक्षण हे ज्या कामासाठी शासन मुळात हवे ते पहिले काम. आणि तेथेच ते अपुरे पडले.

राजाजींचा तिसरा निर्णय त्यांच्या चाहत्यांना अडचणीत टाकणारा आहे. १९५३ मध्ये त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी दिवसाचे तीन तास शाळेत यावे आणि उरलेल्या वेळी घरी वडिलांचा धंदा शिकावा, असे तिचे स्वरूप होते. शाळा कमी, विद्यार्थी अधिक, या पेचातून काढलेली ती युक्ती होती असे तिचे समर्थन करण्यात आले. परंतु जेथे धंदा जातीने ठरतो तेथे कुंभाराच्या मुलाने चाकावर आणि चांभाराच्या मुलाने कातड्यावर बसावे असे सरकारने सुचविणे, याचा अर्थ जातीला सरकारी शिक्का देणे एवढाच होतो. द्रविड चळवळीने योजनेला कुलधर्माचे शिक्षण म्हटले. काँग्रेस पक्षातही असंतोष माजला, एप्रिल १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कामराजांनी योजना रद्द केली. धान्याच्या पोत्याला हद्द असू नये हे ज्यांना इतके स्पष्ट दिसले, त्यांना मुलाच्या भवितव्याला घातलेली हद्द दिसली नाही. मर्यादेचे तत्त्व सत्तेवर बसलेल्या सज्जनांनाही लागू करावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

हेच तत्त्व कुंभकोणमच्या एका विद्यार्थ्याने फार पूर्वी निराळ्या प्रसंगी मांडले होते. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म १८६९ चा, कुंभकोणमजवळच्याच वलंगैमानचा. शिक्षण कुंभकोणमला झाले आणि १९०७ मध्ये ते पुण्याच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. नामदार गोखले यांच्या निधनानंतर १९१५ मध्ये समाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. फेब्रुवारी १९१९ मध्ये रौलट विधेयकावर बोलताना त्यांनी सरकारला बजावले, की दडपशाहीचे हत्यार एकदा हाती घेतले म्हणजे निरपराध्यालाही अभय उरत नाही. सार्वजनिक कामातून अंग काढून घेतो, कर भरतो आणि अधिकाऱ्याला मुजरा करतो, तेवढाच मग निरपराध ठरतो. शास्त्री मवाळांतले मवाळ. साम्राज्याशी त्यांचे वैर नव्हते. म्हणूनच त्यांच्या तोंडून हे बोल आले तेव्हा ते सरकारला अधिक झोंबले. विधेयक मात्र मार्चमध्ये संमत झाले.

राजाजींनी पक्ष काढला तो यानंतर चाळीस वर्षांनी. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. बांध मोडून जमिनी एकत्र केल्यास शेतकरी आपल्याच शेतावर मजूर होईल, ही भीती राजाजी, रंगा, मसानी आणि मुन्शी यांना एकत्र आणण्यास पुरेशी झाली, आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्मास आला. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला तो याच लढ्यात. १९६७ मध्ये पक्षाने लोकसभेत ४४ जागा मिळविल्या. त्याच निवडणुकीत मद्रास राज्यात त्याने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन देणाऱ्या द्रविड मुन्नेत्र कळघमशी युती केली होती, हा विनोद इतिहासाने करून ठेवला आहे. १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. त्याच्या नावाची आठवण महाराष्ट्रात शरद जोशी यांनी १९९४ च्या स्वतंत्र भारत पक्षातून जागविली. तीही अशा राज्यात, जेथे १९७२ पासून चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदीत विदर्भातला शेतकरी चांगल्या भावासाठी आपलाच कापूस रात्री राज्याच्या सीमेपलीकडे नेत होता.

आज मरुदानल्लूरच्या परिसरात धान नेण्यास परवाना लागत नाही. खाजगी व्यापाऱ्यालाही ते विकता येते. परंतु हमीभाव हवा असेल तर सरकारी खरेदी केंद्राकडेच जावे लागते, आणि तेथे धानातील ओलावा मोजला जातो. नियमाने तो शेकडा १७ पेक्षा अधिक असू नये. कुरुवै हंगामाचे धान कापणीस येते ते नेमके ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या सुमारास, आणि त्या दिवसांत १७ चा आकडा गाठणे देवाच्याही हातचे नसते. मग राज्य सरकार दिल्लीला पत्र लिहिते, दिल्लीचे अधिकारी पाहणीसाठी येतात, आणि काही दिवसांनी सवलतीचा आदेश निघतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ही मर्यादा शेकडा १९ करण्यात आली होती. तोपर्यंत धानाचे ढीग रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली असतात, आणि शेतकरी ऊन पडेल तेव्हा ताडपत्री काढतो, ढग दिसले की पुन्हा घालतो.