थोडी धावणारी गाडी आणि तिचे तेल

मोटारीविषयी आपल्याकडे एक समज फार रूढ आहे. ‘आमची गाडी फिरतेच किती? घरापासून शाळा आणि शाळेपासून बाजार! तिचे तेल दरवर्षी कशाला बदलावयाचे?’ हा हिशेब वरवर काटकसरीचा दिसतो. पण इंजिनाला तो मानवत नाही. पुष्कळदा थोडी धावणारी गाडीच तेलाच्या दुखण्याने आधी अंथरूण धरते. असे का व्हावे, याचा आज थोडा विचार करू.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना त्यातील प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. क्रँकशाफ्ट आणि तिची बेअरिंगे यांच्यामध्ये त्या वेळी केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो. धातूला धातूपासून दूर ठेवणारा तोच. शिवाय तेल उष्णता वाहून नेते, गंजाला अटकाव करते आणि काजळी आपल्या पोटात घेते. म्हणून वापरातले तेल काळे दिसले, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. ते आपले काम करीत आहे, इतकाच त्याचा अर्थ. मात्र या कामाला मर्यादा आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडी पिस्टनच्या कडांतून खाली तेलात उतरते. लांबच्या प्रवासात तेल चांगले तापते आणि हे पाणी उडून जाते. पण दोन किलोमीटरांवर गाडी थांबली, तर तेल पुरते तापतच नाही. मग पाणी, न जळलेले पेट्रोल व काजळी यांचा चिकट काळा गाळ होतो. मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात, त्याच्या तळाशी तेल ओढून घेणारी जाळी असते. गाळ तिच्यावर बसतो. फिल्टर तुंबला, तर बहुतेक इंजिनांत एक झडप उघडते आणि न गाळलेले तेलच बेअरिंगांकडे जाऊ लागते.

वर्षभर गावात फिरलेली अशी गाडी मे महिन्यात चार माणसे आणि सामान घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाते. उतरताना काही जाणवत नाही. परतीच्या चढावर तेल तापून पातळ होते, तुंबलेल्या जाळीतून ते पुरेसे येत नाही आणि चालकासमोर तेलाच्या किटलीचे तांबडे चित्र पेटते. ‘एवढा घाट चढू आणि मग पाहू’ हा विचार येथे फार महागात पडतो. तेलाचा दाब उतरला आहे, असे तो दिवा सांगत असतो. गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी आणि इंजिन तत्काळ बंद करावे. तसेच पुढे गेल्यास थोड्याच वेळात बेअरिंगे खरवडतात, इंजिन जाम होते. लहान मोटारीला सुमारे तीन लिटर तेल लागते. तेवढे वाचविण्याच्या नादात इंजिनाचे काम निघाले, तर घरची शिल्लक त्यात जाते.

उपाय मात्र साधे आहेत. गाडीच्या पुस्तिकेत तेल बदलण्याच्या दोन मर्यादा दिलेल्या असतात. पुष्कळ गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे प्रमाण असते. यांपैकी जी मर्यादा आधी येईल, ती पाळावी. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे आणि त्याबरोबर फिल्टरही बदलावा. महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसून पुन्हा घालावी आणि पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेपलीकडेही ते जाऊ नये. क्रँकशाफ्टने घुसळून त्याला फेस येतो. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर इंजिन थंड ठेवणारे पाणी त्यात मिसळत असण्याचा संभव असतो. अशी गाडी मिस्त्रीला दाखविल्यावाचून चालवू नये. काढलेले जुने तेल गटारात ओतू नये. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते, म्हणून गॅरेजमध्येच जमा करावे.

पावसाळ्यापूर्वी आपण घराची कौले जशी पाहून घेतो, तशी प्रवासापूर्वी ही डिपस्टिक पाहण्याची सवय लावून घ्यावी. या कामाला पाच मिनिटे आणि एक जुने फडके पुरते.