आधी दाणे हलवा, मग कणगी बदला



आज आम्ही कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कविषयी बोलणार आहोत. 'हे पोरांचं काम' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गटाची बचत, कर्जाचे हप्ते, मालाची बिलं, सगळं आता कॉम्प्युटरमध्येच असतं. ते गेलं तर जाब पोरांना नाही, आपल्याला द्यावा लागतो.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. आमचा गट बदलापूरच्या आसपासच्या गावांतल्या बायांचा. अंबरनाथ एमआयडीसीत एका छोट्या गाळ्यात आम्ही कामगारांसाठी कापडी हातमोजे शिवतो. गाळ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यात गटाचा सात वर्षांचा हिशोब होता, बिलं होती, सगळ्यांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटो होते. आणि एक फोल्डर ओव्यांचा होता. आमच्या गटातल्या आजींनी जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या आम्ही मोबाइलवर घेतल्या होत्या. मोबाइल भरला, म्हणून त्या कॉम्प्युटरमध्ये टाकल्या आणि मोबाइलमधून पुसल्या.

पावसाळ्यात कॉम्प्युटर मंद झाला. सकाळी बटण दाबलं की चहा पिऊन होईपर्यंत सुरू व्हायचा नाही. मग आतून टक टक असा आवाज येऊ लागला. आम्ही काय करायचो, तर वरून एक थाप मारायचो. महिनाभर असंच चाललं. एका सकाळी तो सुरूच झाला नाही.

एक दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट मारणं म्हणजे पाटी पुसणं. आमच्यातल्या एकीची मुलगी आयटीआयला शिकते, तिने हात धरला. म्हणाली, "मावशी, आधी आतलं काढून घेऊ. कॉम्प्युटरचं मग बघू." खरंच आहे. कणगीला भोक पडलं तर आपण आधी दाणे दुसरीकडे काढतो, कणगी नंतर लिंपतो. हे घरात कळतं, पण कॉम्प्युटरपुढे बसलं की विसरायला होतं.

आता ही हार्ड डिस्क म्हणजे काय? कॉम्प्युटरच्या डब्यात एक चपटी धातूची पेटी असते. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. तबकडीवर एक बारीक टोक असतं, ते माहिती लिहितं आणि वाचतं. ते तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. धक्का बसला आणि टोक टेकलं, की तबकडीवर ओरखडा पडतो. त्या जागची माहिती गेली. आम्ही मारत होतो त्या थापा किती महाग होत्या, ते आता कळतं.

एमआयडीसीत तर डिस्कचे वैरी खूप. शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसची हादर, धूळ, उकाडा, मध्येच जाणारी वीज. काही रासायनिक धुरांमध्ये गंधकाचे वायू असतात, त्यांनी सर्किटवरचं तांबं आणि चांदी गंजते. गावातही धूळ आणि विजेचा लपंडाव आहेच. म्हणून कॉम्प्युटरला यूपीएस जोडा आणि डबा मशीनच्या टेबलावर ठेवू नका.

टक टक आवाज आला, कॉम्प्युटर फार मंद झाला, फायली उघडेनाशा झाल्या, तर डिस्क थकली असं समजा आणि काम थांबवा. पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. डिस्क उघडून फुंकर मारू नका. कुणी फ्रीजमध्ये ठेवा म्हणेल, तेही करू नका, आत ओल धरते.

आता नवी डिस्क घेताना काय बघायचं?

पहिलं, प्रकार. फिरत्या तबकडीची ती हार्ड डिस्क. दुसरी एसएसडी. तिच्यात काहीच फिरत नाही, म्हणून ती वेगवान असते आणि हादऱ्याला भीत नाही. आम्ही कॉम्प्युटरच्या आत एसएसडी बसवली. पण तिचा एक दोष आहे. ती बहुधा आवाज करून सांगत नाही, एके दिवशी गप्प होते, आणि मग आतलं काढणं जास्त कठीण जातं. फार महिने विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरूही शकते. म्हणून रोजच्या कामाला एसएसडी, आणि कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी बाहेरून जोडायची साधी हार्ड डिस्क.

दुसरं, माप. टेबलावरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क साडेतीन इंची, लॅपटॉपची अडीच इंची. आतल्या वायरीला साटा म्हणतात. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू नावाची एसएसडी बसते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, एकाच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. म्हणून दुकानात जाताना जुन्या डिस्कच्या लेबलचा आणि कॉम्प्युटरच्या मॉडेलचा फोटो न्या.

तिसरं, जागा. आपलं सामान किती आहे ते बघा आणि साधारण दुप्पट घ्या. नुसते हिशोब आणि फोटो असतील तर ५०० जीबीची पुष्कळ होते. ती जोडल्यावर कॉम्प्युटर ४६५ जीबीच दाखवेल, आणि १ टीबीची ९३१ जीबी. दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १,०२४ च्या पटीत. मापाचा फरक आहे, माल तेवढाच. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात ५० तबकड्या होत्या, ती कपाटाएवढी होती आणि तिच्यात जेमतेम ५ एमबी माहिती मावायची. आज मोबाइलच्या एखाद्या फोटोलाच तेवढी जागा लागते.

चौथं, दुकान. उल्हासनगर असो, कल्याण असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तीन ठिकाणी भाव विचारा. भाव वरखाली होतो. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर डिस्क महागल्या होत्या. पण भाव फारच कमी असेल तर सावध व्हा, जुनी डिस्क पुसून नवी म्हणून विकली जाते. सीलबंद पाकीट घ्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि बिलावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. घरी आल्यावर क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या मोफत प्रोग्रामने बघा. डिस्क किती तास चालली ते तो सांगतो. नव्या डिस्कचे तास शून्याच्या आसपास हवेत.

आता दाणे हलवायचे. याचे दोन मार्ग. डिस्क धडधाकट असेल तर क्लोन करता येतं, म्हणजे विंडोजसकट सगळी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची. तेव्हा जुनी कोणती आणि नवी कोणती, हे दोघींनी मिळून मोठ्याने वाचा आणि मगच बटण दाबा. उलट झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते आणि सगळं जातं.

डिस्क आजारी असेल तर नुसत्या फायली काढायच्या. जुनी डिस्क केबलने दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला जोडतात. साडेतीन इंचीला विजेची वेगळी पिन लागते. निळ्या रंगाचं यूएसबी छिद्र बहुधा जलद असतं. डिस्क चांगली असेल तर १०० जीबी सामान त्यातून साधारण वीस मिनिटांत जातं, जुन्या छिद्रातून तासभर लागतो. बारीक फायली फार असतील तर वेळ वाढतो.

इथेच आमची चूक झाली, ती नीट ऐका. आमची डिस्क थोडा वेळ चालायची आणि बंद पडायची. आम्ही म्हटलं, पैशाचं आधी. हिशोब काढला, तो आला. बिलं आली. आधारचे फोटो आले. ओव्यांचा फोल्डर मोठा, म्हणून शेवटी ठेवला. त्याची पाळी आली तेव्हा डिस्कने मान टाकली.

घरी येताना गाडीत आमच्यातली एक म्हणाली, "हिशोब तर आपल्या वहीतही होता गं." होताच. रजिस्टर होतं, बँकेत पासबुकाची नोंद होती. वेळ लागला असता, पण पुन्हा लिहिता आला असता. आधार कार्डं तर ज्याच्या त्याच्या घरी आहेत. ओव्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या. आजी आता नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाचं काय, असं विचारू नका. दुसरीकडे कुठेच नाही असं काय, ते विचारा. ते आधी काढा.

ओव्यांचं मोल आम्हालाच नव्हे, जाणत्या माणसांनाही कळलेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून आपल्यासारख्या खेड्यातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त. कागदावर लिहिल्या, टेपवर घेतल्या, कॉम्प्युटरवर चढवल्या. पारी नावाच्या ग्रामीण भारताच्या संग्रहातून २०१७ पासून त्या लोकांपुढे येत आहेत, मोबाइलवर ऐकता येतात. टेप जुनी झाली, कॉम्प्युटर बदलले, पण वेळच्या वेळी कुणीतरी दाणे हलवत राहिलं, म्हणून त्या राहिल्या.

सामान हलवल्यावर चार गोष्टी तपासा. दोन्हीकडे फायलींची संख्या आणि आकार सारखा आहे का? दहा-बारा फायली उघडून बघा. टॅली वापरत असाल तर डेटाचा फोल्डर वेगळा घ्या आणि नव्या जागी उघडून शिल्लक जुळते का बघा. डेस्कटॉपवरच्या फायली विसरू नका. आणि आपल्या मराठीचं एक खास आहे. जुने अर्ज, ठराव युनिकोडमध्ये नसतील, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर तो फाँट नव्या कॉम्प्युटरवर नसताना नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. फाइल बिघडली म्हणून पुसू नका. जुन्या कॉम्प्युटरचा फाँटचा फोल्डरही बरोबर आणा.

जुनी डिस्क चांगल्या अवस्थेत असली तरी महिनाभर फेकू नका. नंतरही तशीच भंगारात देऊ नका. तिच्यात आपल्या बायांचे आधार आणि बँकेचे नंबर आहेत, आणि झटपट फॉरमॅटने ते पूर्ण पुसले जात नाहीत. फिरत्या डिस्कला पूर्ण फॉरमॅट मारा. ती चालत नसेल तर तबकड्यांना आरपार भोकं पाडा आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या.

शेवटची गोष्ट. एकच प्रत म्हणजे प्रतच नाही. जाणकार सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरी. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. घरात पाणी आलं तर कॉम्प्युटर आणि शेजारी ठेवलेली प्रत दोन्ही जातात. म्हणून आम्ही आता एक प्रत गाळ्यात ठेवतो आणि दुसरी उंचावर घर असलेल्या मैत्रिणीकडे. दर महिन्याच्या बैठकीला ती डिस्क आणते, नवं सामान त्यात भरतो आणि ठरावाच्या वहीत तारीख लिहितो. वहीसुद्धा चालू ठेवली आहे.

आमची ती बंद पडलेली डिस्क आम्ही फेकलेली नाही, भोकंही पाडलेली नाहीत. धूळविरहित खोलीत डिस्क उघडून माहिती काढणारे असतात, त्यांचा खर्च आमच्या महिन्याच्या कमाईहून जास्त आहे. गटाने ठरवलं आहे, दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढायचे. ओव्या निघतील की नाही, कुणी खात्री देत नाही. पण विचारून तरी बघू.

तुम्ही येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये दुसरीकडे कुठेच नाही असं काय आहे, त्याची यादी करा आणि त्याच दिवशी त्याची दुसरी प्रत काढा. यादीत गटातल्या आज्यांचा आवाज नसेल, तर आधी तो घ्या.

येतो आम्ही. नमस्कार.