पाणंद ते महामार्ग : पिकअपचे टायर कसे निवडावेत?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बियाणे, खते, औषधे यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. कृषी अधिकाऱ्याने टायरवर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण कांदा पिकवायला चार महिने घालवायचे आणि बाजार समितीच्या वाटेवर तो रस्त्यावर सांडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून बोलतो.

आमच्या भागात एक कांदा बागायतदार आहेत. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. उन्हाळ कांद्याची काढणी चालू असताना अवकाळी पाऊस झाला. काळ्या रानात पिकअप रुतली. मुलाने मागच्या दोन्ही चाकांची हवा थोडी सोडली, गाडी निघाली, पाणंदीने डांबरीला लागली. हवा पुन्हा भरायची राहून गेली. गाडीत चाळीस गोण्या, त्यावर दोन मजूर बसलेले, दुपारचे ऊन. महामार्गावर मागचा डावा टायर फुटला, गाडी कलंडली, आणि एका मजूर बाईचा हात मोडला. जीव वाचला हे नशीब. मालगाडीच्या हौद्यात गोण्यांवर माणसे बसवायला कायद्याने मनाई आहे, हे आबांनाही ठाऊक होते, आपल्यालाही आहे.

आबा मला म्हणाले, "साहेब, टायर तर नवे होते हो! चांगले खोल नक्षीचे बघून घेतले होते, चिखलात ओढावेत म्हणून."

मी तो फाटका टायर बघितला. नक्षी खरोखर उत्तम होती. पण बाजूवरचा आकडा कोणी वाचलाच नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट हा आकडा. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचे. कंपनीने आबांच्या गाडीला दिलेल्या टायरवर ११२ होते. ११२ म्हणजे एका टायरने १,१२० किलो भार पेलावा. नव्या टायरवर १०६ होते, म्हणजे ९५० किलो. रिमला दोन्ही बसतात. दुकानदाराने बसतो म्हणून दिला, आबांनी नक्षी बघून घेतला. आता हिशेब करा. एका टायरमागे १७० किलो कमी, मागच्या दोन टायरांचे मिळून ३४० किलो कमी. म्हणजे पन्नास किलोच्या जवळजवळ सात गोण्या! त्यात चाळीस गोण्या म्हणजे दोन टन माल, आणि गाडी दीड टनाची.

आकडे ११२/११० असे जोडीने असले तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी समजावा. अक्षरांत 'एल' म्हणजे ताशी १२० किलोमीटर, 'एन' म्हणजे १४०. गाडीसोबत आलेल्या टायरवर जो आकडा आणि जे अक्षर आहे, त्याच्या खाली कधीही उतरू नये. वर गेलात तर हरकत नाही. 'पीआर'चा आकडाही मजबुतीचाच असतो. ८ पीआर लिहिले म्हणजे आत आठ थर आहेत असे मात्र नव्हे.

आता नक्षी. ढोबळमानाने तीन प्रकार धरा. पहिल्या प्रकारात टायरभोवती सरळ लांब रेघा असतात, त्याला रिब म्हणतात. डांबरीवर तो गार राहतो, सरळ चालतो, स्टिअरिंगला हलका असतो. चिखलात मात्र जागच्या जागी फिरतो. दुसरा लग, आडव्या खोल खाचांचा. तो मऊ जमिनीत पकड घेतो. पण त्याचे रबराचे ठोकळे जाड आणि उंच असल्याने डांबरीवर दर फेऱ्याला ते दबतात, वळतात आणि टायर तापतो. आवाज करतो, डिझेल जास्त खातो, ओल्या डांबरीवर ब्रेक लावला की गाडी लांब जाऊन थांबते. तिसरा सेमी-लग, म्हणजे मधे रेघा आणि कडेला आडव्या खाचा.

कोणता घ्यावा? माझे म्हणणे असे, की आधी आठवडाभर वहीत लिहा. रोज डांबरीवर किती किलोमीटर गेलो आणि पाणंदीत किती. आपल्याला वाटते गाडी चिखलातच असते, कारण रुतलेला दिवस लक्षात राहतो. वहीत बघाल तर पाणंद दोन किलोमीटर आणि बाजार तीस-चाळीस किलोमीटर निघेल. अशा गाडीला चारही चाकांना खोल लग घालणे म्हणजे चार दिवसांच्या चिखलासाठी वर्षभर टायर जाळणे. मागच्या चाकांनी ओढणाऱ्या पिकअपला पुढे रिब आणि मागे सेमी-लग ही जोडी बहुतेकांना पुरते. आपले ट्रकवाले वर्षानुवर्षे पुढे रिब, मागे लग चालवतात ते उगाच नाही. पुढचे चाक वळवायचे काम करते, मागचे ओढायचे. मात्र चारही चाके ओढणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले हवेत. एका आसावर एक रेडियल आणि एक साधा नायलॉनचा, असे तर कोणत्याच गाडीला चालत नाही. मापात 'आर' हे अक्षर असेल तर तो रेडियल.

रबर चढवलेला टायर पुढे घालू नये. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

काळ्या रानाविषयी थोडे सांगतो, हा माझा मूळ विषय. ओली काळी माती नक्षीत भरली की खोल लगही गुळगुळीत टायरसारखाच फिरतो. त्याला महागाचा टायर हा उपाय नाही. शिवाय भरलेली गाडी ओल्या रानात घातली की चाकोरीखालची माती घट्ट दाबली जाते, तिथे पाणी मुरत नाही, मुळे खाली जात नाहीत. पुढच्या पिकात चाकोरीचे पट्टे पिवळे आणि खुजे दिसतात. गाडी मुरमाच्या कठीण जागेवरच उभी करावी आणि माल बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने तिथवर आणावा. तोही जरा वाफसा आल्यावर.

हवा सोडून गाडी काढणे चूक नाही. हवा कमी केल्याने टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. पण तशीच गाडी डांबरीवर पळवली तर टायरच्या बाजू सारख्या दुमडतात, आतून तापतात, आणि भार असला की फुटतात. हवा भरायचा पंप गाडीत नसेल तर हवा सोडूच नका. किती पौंड भरायची ते सहसा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी पडते आहे, मधलाच भाग झिजला तर जास्त होते आहे.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. काँक्रीटचा लांब सरळ रस्ता, त्यामुळे गाडी तासन् तास एकाच वेगाने पळते. पाणंदीतला मुका मार, खडीने आत पडलेली चीर गावच्या रस्त्यावर दिसत नाही, ती तिथे तापून उघडी पडते. निघण्यापूर्वी टायरवर हात फिरवून फुगवटा बघा. जोडचाके असतील तर मधे अडकलेला दगड काढा. ट्रॅक्टरला त्या रस्त्यावर मनाईच आहे. ट्रॅक्टरच्या टायरवर 'ए ८' लिहिलेले असते, त्याचा अर्थ ताशी ४० किलोमीटर. ऊस वाहताना हे ध्यानात असू द्या.

जुना टायर घेत असाल तर चार आकडी तारीख वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात पडून रबर तडकते. झिजेची कायद्याची मर्यादा चारचाकीला १.६ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा असतो, टायर त्याच्या बरोबरीला आला की बदलायचाच. स्टेपनीलाही हे सगळे लागू आहे. ती गाडीखाली चिखल खात पडलेली असते, आणि तिची हवा कोणी बघत नाही.

आबांनी मागे ११२ आकड्याचे सेमी-लग घातले आणि गोण्या तीसवर आणल्या. कांदा बैलगाडीने सडकेपर्यंत येतो. त्याने एक खेप वाढते, अशी त्यांची अजून माझ्याकडे तक्रार आहे.