प्रबंध लिहिणे म्हणजे काय?



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत; पुढचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. तेव्हा तत्त्वज्ञानाच्या एम.ए.चा प्रबंध या विषयावर आम्ही बोलावे, याचे काही प्राध्यापक मंडळींना हसू येत असेल. खुशाल हसावे. देवणी बैलाची पारख करायला स्वतः बैल व्हावे लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आमच्याकडे आला. आईबाप ऊसतोडीला जाणारे. हा तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करतो. म्हणाला, "काका, एखादा जुना प्रबंध मिळवून द्या. चार पानं इकडची, चार तिकडची; भागून जाईल." विषय विचारला, तर म्हणाला, "स्वातंत्र्याची संकल्पना, असंच काहीतरी." आम्हांला त्या 'काहीतरी'चे फार वाईट वाटले.

आम्ही त्याला स्वामी रामानंद तीर्थांची हकीकत सांगितली. नांदेडचे विद्यापीठ 1994 साली त्यांच्या नावाने निघाले, हे तो जाणत होता. यापलीकडे काही नाही. स्वामीजी पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांनी एम.ए.साठी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे ते चिटणीस होते. (आमच्या चळवळीतले लोकही हे विसरतात.) मग हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, 1932 साली संन्यास, पुढे अंबाजोगाईची शाळा. ज्या निजामी राज्यात सभा भरवायची तर आधी परवानगी काढावी लागे, त्या राज्यात लोकशाहीवर प्रबंध लिहिलेला हा माणूस मुले शिकवीत होता! 1938 साली बंदी असलेल्या स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला, तेव्हा ते तुरुंगात गेले. पुण्यात कागदावर मांडलेला प्रश्न 17 सप्टेंबर 1948 पर्यंत त्यांच्या मागे लागला होता.

"तुझ्या मागे कोणता प्रश्न लागला आहे?" आम्ही विचारले. पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आईबापानं मुकादमाची उचल घेतली, अंगठा दिला. कुणी मारून नेलं नाही. मग ते राजीखुशीनं गेले म्हणायचं का?"

मंडळी, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. माल समुद्रात फेकावा असे कोणालाच वाटत नाही. पण जीव वाचवायचा तर फेकावा लागतो. अशा कृतीला तो मिश्र म्हणतो, आणि तिला स्वेच्छेच्या बाजूला थोडे अधिक झुकते माप देतो. सतराव्या शतकात इंग्लंडच्या हॉब्जने तेच जहाज घेतले आणि निकाल दिला की, भीतीने का होईना, फेकले ते स्वखुशीनेच; भीतीपोटी केलेला करारही माणसाला बांधतो. आमच्याकडच्या मुकादमाचे म्हणणे नेमके हेच, फक्त त्याने हॉब्ज वाचलेला नाही. उलट मार्क्स म्हणतो की, कामगार आपले श्रम विकायला मोकळा आहे, आणि विकायला दुसरे काहीच नाही म्हणूनही तो मोकळाच.

पोराने पहिले प्रकरण झपाट्याने लिहिले. त्यात मुकादमाचा पार रावण केला होता. आम्ही पाने परत दिली. आपले जुने शास्त्री आधी पूर्वपक्ष मांडीत, तो इतका चोख की प्रतिपक्षाने मान डोलवावी, मग उत्तर. वाटाघाटीच्या बैठकीत समोरच्याची बाजू न समजता गेलो की तोंडावर आपटतो, हे आम्ही एकदा नव्हे, पुष्कळदा अनुभवले आहे. मुकादमानेही कारखान्याकडून पैसा उचललेला असतो; टोळीतला माणूस पळाला तर तो भुर्दंड त्याच्या अंगावर येतो. "हे लिही," म्हटले. पोरगा रागावला. पंधरा दिवस फिरकला नाही. मग आला तो पाने लिहूनच.

यंदा आईबाप ऊस तोडून परतले. त्याने रात्री त्यांना ते प्रकरण वाचून दाखवले. मुकादमाची बाजू ऐकून बाप म्हणाला, "हे बी खरंच हाय." आई चुलीपाशी होती. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात, हे आपल्याला ठाऊक आहे. उचल ठरते ती कोयत्यावर. "संमती" या शब्दाचा अर्थ तिने पोराला विचारला. त्याने सांगितला. ती म्हणाली, "अंगठा तुझ्या बापाचा हाय. मला कुणी इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आमच्या दारात उभा. "काका, ॲरिस्टॉटलच्या जहाजावर माल फेकणारा निदान स्वतः ठरवीत होता. इथं दोन माणसांचा एक कोयता झाला, तिथं ठरवणारा कोण? माझं दुसरं प्रकरण सगळं चुकलं."

जूनमध्ये प्रबंध द्यायचा आहे. दुसरे प्रकरण तो पुन्हा लिहितो आहे.