बदलाची मागणी की कामातील दोष? सार्वजनिक प्रकल्पांतील एका सीमारेषेचा विचार

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



सार्वजनिक प्रकल्पांना होणारा विलंब आणि त्यांचा वाढता खर्च या विषयावर तुम्ही अनेक उत्तरे लिहिली असतील. भूसंपादन, पर्यावरणविषयक परवानग्या, निधीची चणचण ही कारणे तुमच्या टिपणांत असतातच. आज मी ज्या कारणाविषयी बोलणार आहे, ते मात्र सहसा टिपणांत आढळत नाही. काम हाती आल्यावर त्यात काही उणे दिसले, तर तो कामातील दोष समजायचा की नव्याने केलेली बदलाची मागणी? प्रश्न तांत्रिक वाटतो. पण त्याच्या उत्तरावर खर्च कोणी सोसायचा हे ठरते, आणि म्हणूनच तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

दोन नव्हे, तीन प्रकार

एका गावात शाळेची इमारत बांधली गेली असे समजा. पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागले. मंजूर नकाशात आणि तपशिलात न गळणारे छत अपेक्षित होते, ते मिळाले नाही. हा दोष होय. तो दूर करण्याची जबाबदारी कंत्राटदाराची आहे आणि त्यासाठी वेगळा मोबदला देय नाही. पुढे पटसंख्या वाढली म्हणून ग्रामस्थांनी आणखी एक वर्गखोली मागितली. ही बदलाची मागणी होय. मागणी रास्त असली तरी तिचे पैसे द्यावे लागतील.

आता तिसरा प्रसंग पाहा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलीला वर्गात जाता येत नाही, कारण प्रवेशद्वाराशी उतरता मार्गच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये इमारत सुगम्य असणे बंधनकारक आहे. परंतु विभागाने दिलेल्या नकाशात तो मार्ग दाखवलेला नव्हता. कंत्राटदाराने नकाशाबरहुकूम काम केले. म्हणजे कंत्राटदाराचे काम निर्दोष, तरीही शाळा सदोष. हा गरजनिश्चितीतील दोष आहे आणि त्याचा खर्च मागणी करणाऱ्या विभागाने सोसायला हवा. सर्व प्रचलित कायद्यांचे पालन करून आराखडा तयार करण्याची जबाबदारीही कंत्राटात कंत्राटदारावर टाकलेली असती, तर उत्तर वेगळे आले असते. बहुतेक वादांचे मूळ या तिसऱ्या प्रकारात असते, कारण तो आपला आहे असे कोणालाच म्हणायचे नसते.

वर्गीकरणाची कसोटी

अशा प्रसंगी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, लेखी गरज काय होती? दुसरा, प्रत्यक्ष काम त्या गरजेशी जुळते काय, आणि जुळत नसल्यास ती विसंगती पुन्हा दाखवून देता येते काय? तिसरा, गरज केव्हा मान्य झाली आणि त्यानंतर कायदा, धोरण किंवा परिस्थिती बदलली काय? चौथा, गरज लिहिलेली नसेल तर ती कोणीही सहज गृहीत धरावी अशी होती काय?

चौथा प्रश्न अवघड आहे. पावतीवरील बेरीज बरोबर यावी, ही अट कोणी लिहीत बसत नाही. ती चुकली तर दोषच. परंतु ‘प्रणाली वेगवान असावी’ एवढेच लिहून भागत नाही. एकाच वेळी किती जणांनी वापरली असता किती सेकंदांत प्रतिसाद मिळावा, हे आकड्यांत नोंदवावे लागते. कायद्यालाही न लिहिलेल्या अपेक्षा मान्य आहेत. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्याला कळवला असेल आणि तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर अशा वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत वस्तू त्या हेतूस योग्य असावी ही अट गृहीत धरली जाते. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक कामाला हे कलम जसेच्या तसे लागू होईल असे नाही. पण त्यामागील तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. दोष की बदल हे ठरल्याने प्राधान्य ठरत नाही. एखादा दोष किरकोळ असू शकतो आणि एखादा बदल अत्यंत निकडीचा. खर्च कोणाचा आणि काम आधी कोणते, हे दोन निर्णय स्वतंत्रपणे घ्यायचे असतात. हिशेबाचा निकाल लागेपर्यंत नागरिकाची सेवा खोळंबून ठेवणे समर्थनीय नाही.

दोन्ही पक्षांचे हितसंबंध

ही सीमारेषा पुसट का होते? उत्तर हितसंबंधांत आहे. विभागातील अधिकाऱ्याला प्रत्येक उणीव दोष ठरलेली हवी असते. दोष म्हटला की जादा निधी मागावा लागत नाही, वित्त विभागाकडे फाईल जात नाही आणि पुढे लेखापरीक्षणाचा आक्षेप येण्याची भीतीही राहत नाही. याउलट पुरवठादाराला प्रत्येक उणीव म्हणजे बदलाची मागणी वाटते, कारण त्या कामाचा दर स्पर्धेविना ठरतो.

ऑलिव्हर विल्यमसन यांनी या स्थितीचे मार्मिक विश्लेषण केले आहे. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. करारापूर्वी अनेक बोलीदार असतात. करारानंतर मात्र खरेदीदार एकाच पुरवठादाराशी बांधला जातो, कारण त्या कामाचे विशेष ज्ञान त्याच्यापाशीच साठलेले असते. बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांच्यासमवेत २०१६ चे नोबेल मिळालेले ऑलिव्हर हार्ट यांनी दाखवून दिले, की भविष्यातील प्रत्येक शक्यता कोणताही करार शब्दबद्ध करू शकत नाही. करार अपूर्णच असतो. मग जे लिहिले गेले नाही त्याबाबत निर्णयाचा अधिकार कोणाचा, हा कळीचा मुद्दा ठरतो.

सर्वांत कमी दराच्या निविदेची, म्हणजे ‘एल-१’ची पद्धत याच ठिकाणी अडचणीत येते. गरज जितकी मोघम, तितका बोलीदाराला मूळ दर कमी टाकून पुढे बदलांतून भरपाई करण्याचा मोह अधिक. दुसऱ्या बाजूने, विभाग खरे बदलही दोष म्हणून फुकट करून घेऊ लागला, तर चांगले पुरवठादार पुढच्या निविदेत त्या जोखमीची किंमत मिळवतात किंवा निविदाच भरत नाहीत. पॅट्रिक बजारी आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी २००१ मध्ये मांडलेला निष्कर्ष याला पूरक आहे. काम साधे आणि नेमके लिहिता येण्याजोगे असेल तर ठोक रकमेचा करार योग्य ठरतो. काम गुंतागुंतीचे आणि पुढे बदलणारे असेल तर खर्चाधारित, लवचीक करार बरा.

वस्तू व सेवा कराचा अनुभव

आता आपल्या देशातील एक मोठे उदाहरण घेऊ. वस्तू व सेवा करासाठी जीएसटी नेटवर्क ही कंपनी २०१३ मध्ये स्थापन झाली आणि संगणकीय प्रणाली उभारणारा पुरवठादार २०१५ मध्ये निवडला गेला. १०१ वी घटनादुरुस्ती झाली २०१६ मध्ये, तर केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली १२ एप्रिल २०१७ रोजी. १ जुलै २०१७ रोजी कर लागू झाला. तारखांचा हा क्रम नीट पाहा. प्रणालीचे कंत्राट आधी, कायदा नंतर. ज्या कायद्याची अंमलबजावणी प्रणालीने करायची, त्याचा अंतिम मसुदाच कंत्राटाच्या वेळी उपलब्ध नव्हता. अशा कामात बदल होणार हे निश्चितच होते.

आणि ते झाले. विक्रीचे, खरेदीचे आणि एकत्रित अशी तीन विवरणपत्रे भरून घेऊन विक्रेता व खरेदीदार यांची बिले परस्परांशी पडताळून पाहायची, ही मूळ योजना होती. गुवाहाटी येथे १० नोव्हेंबर २०१७ रोजी झालेल्या बैठकीत जीएसटी परिषदेने त्यांतील दुसरे व तिसरे विवरणपत्र भरणे स्थगित केले. तात्पुरते म्हणून आणलेले ‘३-बी’ हे संक्षिप्त विवरणपत्र पुढे कायमचेच झाले. हा धोरणातील बदल होता. त्याला प्रणालीचा दोष म्हणता येणार नाही.

त्याच प्रणालीत दोषही होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात नोंदणी, कर भरणा आणि एकात्मिक कराचे समायोजन या भागांची तपासणी आहे. त्यातून दोन वेगळ्या प्रकारच्या उणिवा पुढे आल्या. काही ठिकाणी गरजपत्रात तरतूद बरोबर लिहिलेली होती, पण ती प्रणालीत उतरली नव्हती. काही ठिकाणी मात्र गरजपत्रच कायद्याच्या तरतुदीशी जुळणारे नव्हते. पहिला प्रकार उभारणीतील दोषाचा, दुसरा गरजनिश्चितीतील दोषाचा. वापरणाऱ्या व्यापाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. जबाबदारी मात्र भिन्न आहे. कायदा, गरजपत्र आणि प्रणाली या साखळीतील कोणती कडी निसटली हे शोधल्याखेरीज ती निश्चित होत नाही.

अपेक्षित बदलांची सोय आधीच करून ठेवता येते, हेही याच करातून शिकता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराच्या दरांची पुनर्रचना झाली. उदाहरणार्थ, तुपावरील दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदाराच्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये दर बदलणे हा निर्विवाद बदल आहे. पण दुकानदाराला स्वतः दर बदलता येईल असे विकताना सांगितले असेल आणि बदल करूनही बिलावर जुनाच दर येत असेल, तर तो दोष होय. दर बदलतच राहणार हे ठाऊक असणाऱ्याने ती सोय सुरुवातीलाच मागून घेतली पाहिजे.

नागरिकावर पडणारा भार

ही सीमारेषा केवळ सरकार आणि पुरवठादार यांच्यापुरती नाही. जुन्या करपद्धतीतील शिल्लक कर-जमा नव्या पद्धतीत आणण्यासाठी व्यापाऱ्यांनी ‘ट्रान-१’ हे प्रपत्र भरायचे होते. त्याची मुदत वाढत वाढत २७ डिसेंबर २०१७ पर्यंत गेली. अनेकांना ते मुदतीत भरता आले नाही. पोर्टलवरील तांत्रिक अडचणीमुळे अडलेल्यांसाठी ३ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाद्वारे तक्रार निवारणाची यंत्रणा उभारली गेली. परंतु अडचण खरोखर तांत्रिक होती, हे दिसून येणे आवश्यक होते. प्रयत्नाची नोंद प्रणालीत सापडली तर दिलासा, न सापडल्यास व्यापाऱ्याचीच चूक, अशी स्थिती अनेकांच्या वाट्याला आली. प्रकरणे उच्च न्यायालयांत गेली. अखेर २२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिल्को ट्रेड सेंटर प्रकरणात पोर्टल दोन महिने पुन्हा खुले करण्याचा आदेश दिला. संबंधिताने याचिका केली होती की नाही, तक्रार निवारण समितीने त्याचे प्रकरण निकालात काढले होते की नाही, याचा विचार न करता ही संधी सर्वांना मिळाली. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ या काळात पोर्टल खुले राहिले.

म्हणजे जो प्रश्न दोष-नोंदवहीत काही दिवसांत निकाली निघायला हवा होता, तो सुटायला जवळजवळ पाच वर्षे लागली. दरम्यान छोट्या व्यापाऱ्याचे खेळते भांडवल अडकून राहिले. हा खर्च कोणत्याही कंत्राटाच्या हिशेबात दिसत नाही.

उपाययोजना

काही उपाय आपल्याकडे रुजलेले आहेत. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत बांधकामाबरोबरच पुढील पाच वर्षांची नियमित देखभाल त्याच कंत्राटदाराकडे सोपवली जाते. निकृष्ट कामाचा भार पुढे आपल्यावरच येणार हे माहीत असल्याने काम चांगले करण्यात त्याचे हित असते. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने काढलेल्या सूचनांनी, विवक्षित कामांसाठी केवळ कमी दराऐवजी गुणवत्ता आणि दर दोन्हींचा विचार करून निवड करण्याची मुभा दिली.

याशिवाय तीन गोष्टी प्रत्येक प्रकल्पात शक्य आहेत. प्रत्येक लेखी गरजेला क्रमांक द्यावा आणि चाचणीतील प्रत्येक निष्कर्ष त्या क्रमांकाशी जोडावा. बदलांसाठी ठरावीक मनुष्यदिवस आणि त्यांचे दर स्पर्धा चालू असतानाच निविदेत निश्चित करून घ्यावेत. वर्गीकरणाचा वाद विभाग, वापरकर्ते, पुरवठादार आणि वित्त यांचे प्रतिनिधी असलेल्या समितीने ठरावीक मुदतीत मिटवावा व निर्णयाची कारणे लिहून ठेवावीत.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या अशा फाईलींवर अभिप्राय लिहितील. गरज आपण चुकीची लिहिली होती हे मान्य करणारा अभिप्राय लिहायला धैर्य लागते, कारण पुढचा प्रश्न ‘जबाबदार कोण?’ हाच असतो. तरीही जे बदल आहेत त्यांना बदल म्हणा आणि त्यांचे योग्य पैसे द्या. जे दोष आहेत ते वेगळा मोबदला न देता दुरुस्त करून घ्या. आणि चूक आपली असेल तर तशी नोंद करा. त्या नोंदीमुळे पुढच्या शाळेच्या नकाशात उतरता मार्ग पहिल्याच दिवशी दाखवला जाईल.