उरुळी कांचनमध्ये आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, दूरदूरहून आलेले शास्त्रज्ञ, पशुवैद्यक आणि उन्हातान्हात नत्रपात्र घेऊन गोठ्यागोठ्यांत पोहोचणारे कृत्रिम रेतनाचे कार्यकर्ते,

समस्त ग्रामस्थांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला आमच्या गावाची फक्त बाजारपेठ दिसते. पण मार्च १९४६ मध्ये महात्माजी याच गावी उतरले, त्यांनी गोरगरिबांवर उपचार केले. ग्रामस्थांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. तो सांभाळणारे बाळकोबा भावे आज कितीजणांना ठाऊक आहेत? विनोबांचे हे धाकटे बंधू. पण थोरल्यांच्या नावापुढे त्यांचे काम झाकले गेले, याची मला खंत वाटते.

आणि मणिभाई देसाई! सुरतकडचा हा तरुण बापूंनी इथे ठेवला आणि तो कायमचा उरुळीचा झाला. त्यांनी शाळा काढली, माळरान पिकवले, गीर गाई जोपासल्या आणि १९६७ मध्ये बाएफ ही संस्था स्थापन केली. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो आम्ही गावाचाच मानतो. उत्तम वळूचे वीर्य छोट्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणे, हाच त्यांचा ध्यास होता.

आपल्या परिषदेचा विषय त्याच्याच पुढचा, ते वीर्य गोठवून टिकवण्याचा. उणे १९६ अंशांवर वीर्याची कांडी टिकते, पण गोठवताना आणि विरघळवताना ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू शुक्राणूच्या आवरणातील मेदाम्लांवर घाला घालतात. म्हशीच्या बाबतीत ही हानी अधिक जाणवते. ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, टॉरिन असे अँटिऑक्सिडंट विरलकात योग्य प्रमाणात घातले, तर अधिक शुक्राणू तगतात. प्रमाण चुकले तर तेच अपाय करतात, असे तज्ज्ञ सांगतात. मला प्रयोगशाळा कळत नाही, गोठा कळतो. म्हैस गाभण न राहता उलटली की पुढच्या माजापर्यंत एकवीस दिवस वाट पाहायची, तोवर चारा-पेंड चालूच. म्हणून प्रयोगशाळेत किती शुक्राणू हलले एवढ्यावर न थांबता, किती म्हशी गाभण राहिल्या तेही इथे मांडले जावे, ही माझी कळकळीची विनंती.

निवासाची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली, त्याबद्दल क्षमस्व. मंगल कार्यालयाच्या खोल्या लहान आहेत, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. वीज गेल्यास जनरेटर तयार आहे. मंडप देणारे व्यापारी बांधव, दोन्ही वेळचे दूध-ताक पुरवणाऱ्या दूध संस्था, भाजी पाठवणारे शेतकरी, आपल्या घरांत पाहुणे उतरवून घेणारी कुटुंबे आणि पहाटेपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या माता-भगिनी, सर्वांचे मी ऋण मानतो. काहीही कमी पडले, तर बिल्ला लावलेल्या आमच्या कोणत्याही मुलाला हाक मारा.